दहा पावलांवर थांबलेली लैला

२०१८च्या सप्टेंबरमध्ये ‘लैला मजनू’ पाहिला तेव्हा पुण्यातल्या त्या थिएटरात मोजून नऊ माणसं होती. त्यातलं एक जोडपं मध्यंतरानंतर परत आलंच नाही. त्यांची अर्धी राहिलेली पॉपकॉर्नची बादली शेवटपर्यंत खुर्चीवर तशीच होती. आठवडाभरात सिनेमा उतरला. आपण काहीतरी बघितलंय आणि त्यावर बोलायला आजूबाजूला कुणीच नाही, अशा अवस्थेत मी बरेच दिवस होते.

मग २०२४च्या ऑगस्टमध्ये तोच सिनेमा पुन्हा लागला. मधल्या काळात तृप्ती डिमरी ‘बुलबुल’, ‘कला’ आणि ‘अ‍ॅनिमल’मुळे सगळ्यांना माहीत झाली होती, अविनाश तिवारीची ‘खाकी’ लोकांनी बघितली होती, आणि ‘लैला मजनू’ची गाणी रील्समधून घराघरांत पोचली होती. पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई या दुसऱ्या फेरीत झाली. या वेळी थिएटर भरलेलं. ‘हाफिज हाफिज’ सुरू झालं तसा पुढच्या रांगेतला एक मुलगा उठला, हात पसरून गोल गोल फिरायला लागला. त्याच्या मित्राने मोबाईल काढला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. सहा वर्षांपूर्वी त्या नऊ जणांत कुणीतरी असं उठलं असतं तर बरं वाटलं असतं.

फक्त एक गोष्ट खटकली. तो मुलगा मजनू होत होता. थिएटरातले सगळेच मजनू होत होते. शेजारच्या मुलीसुद्धा. लैला व्हायला कुणालाच नको होतं.

आधी ‘मजनू’ या शब्दाबद्दल बोलू, कारण माझ्या मते हा सगळा सिनेमा त्या एका शब्दात आहे. आमच्याकडे मजनू म्हणजे कोण? एसटी स्टँडवर केस मागे सारत उभा असलेला, बुलेटचा आवाज उगाच वाढवणारा, मुलींच्या हॉस्टेलसमोरच्या टपरीवर तिसरा कटिंग पिणारा. रोमिओचंही आपण तेच केलंय, त्याला ‘रोड’ जोडून टाकलाय. जगातल्या दोन थोर शोकांतिकांचे नायक आपल्या भाषेत टवाळखोरांच्या यादीत जाऊन बसलेत. अरबीत मात्र ‘मजनून’ म्हणजे ज्याच्या अंगात जिन शिरलाय असा माणूस. मराठीत त्याला अगदी नेमका शब्द आहे: झपाटलेला. (तात्या विंचू डोळ्यांसमोर आला असेल तर माझा इलाज नाही.)

सिनेमा पहिल्या मजनूपासून निघतो आणि दुसऱ्यापाशी पोचतो. अविनाश तिवारीचा कैस भट सुरुवातीला अगदी आपला गल्लीतला मजनू आहे. श्रीमंत बापाचा वाया गेलेला पोरगा, बदनाम, गाडीतून मुलींच्या मागे फिरणारा. २०१८मध्ये काहींनी याला आक्षेप घेतला होता, की हे पाठलाग करण्याचं उदात्तीकरण आहे. तो आक्षेप मी उडवून लावणार नाही. हिंदी सिनेमाने ‘नाही म्हणजे हो’ हे दोन-तीन पिढ्यांना इतकं शिकवलंय की संशय घेणं रास्तच आहे. पण साजिद अलीने आणि त्याच्यासोबत लिहिणाऱ्या इम्तियाज अलीने इथे एक हुशारीचं काम केलंय. त्यांची लैला आधीपासून खेळात आहे. मुलं मागे लागतात हे तिला माहीत आहे, आणि ते तिला आवडतं. ती स्वतः खेळ रचते, चिडवते, पळते, वळून बघते. तृप्ती डिमरी या भागात जे करते ते मला तिच्या नंतरच्या कुठल्याच भूमिकेत पुन्हा दिसलं नाही. तिच्या चेहऱ्यावर एकाच वेळी ‘बघ माझ्याकडे’ आणि ‘बघतोस काय’ असतं. गावात वाढलेल्या मुलींना हा चेहरा ओळखता येईल. तो आरशासमोर सराव करून येतो.

मी तो केलेला आहे. सांगलीत शिकत असताना हॉस्टेलसमोरच्या टपरीवर एक मुलगा उभा राहायचा. रूममेट खिडकीतून बघून म्हणायची, “अगं, तुझा मजनू आलाय.” मी वैताग दाखवायचे आणि मग खाली झेरॉक्स काढायला जायचे. रोज काय झेरॉक्स असतात माणसाला? त्याने कधी शीळ घातली नाही, कधी मागे आला नाही. नुसता उभा राहायचा. तो कविता करतो हे त्याच्या मित्रांकडून कळलं होतं. चार महिने गेले. त्याचं पुढे सांगते.

मूळ गोष्ट सातव्या शतकातल्या अरबस्तानातली मानली जाते. बनू आमिर टोळीतला कैस आणि त्याची लैला. ती तोंडोतोंडी फिरत राहिली, पण आज आपण जिला लैला-मजनूची गोष्ट म्हणतो तिला आकार दिला गंजाच्या निजामीने, ११८८मध्ये, फारसीत. शिर्वानच्या राजाने त्याला ही गोष्ट लिहायला सांगितली तेव्हा निजामी आधी कचरला होता. त्याची अडचण मला फार आवडते: या गोष्टीत बाग नाही, मैफल नाही, राजवाडा नाही. नुसती वाळू, उघडे डोंगर आणि दुःख. यावर काव्य कसं सजवायचं? शेवटी त्याच्या मुलाने गळ घातली आणि त्याने ते काही महिन्यांतच पूर्ण केलं. चार हजारांहून जास्त द्विपदी.

साजिद अलीने ही गोष्ट उचलून काश्मीरमध्ये ठेवली. म्हणजे निजामीला जे जे मिळालं नव्हतं ते सगळं तिला दिलं. पाणी, चिनार, हिरवे उतार, बर्फ. वरवर बघता हे सोपं वाटतं, की हिंदी सिनेमाला प्रेमकथा सापडली की तो काश्मीरचं तिकीट काढतो. पण काश्मीरला ही गोष्ट नवी नाही. महमूद गामी या कवीने अठराव्या-एकोणिसाव्या शतकाच्या संधीवर ती काश्मिरीत आणली होती. ‘हाफिज हाफिज’मध्ये ‘हुकुस बुकुस’ हे काश्मिरी मुलांच्या तोंडी असलेलं बडबडगीत येतं, तेही शोभेपुरतं नाही. त्या गाण्यात तो कोण आणि मी कोण हाच गोंधळ आहे, आणि मजनूचा आजार तोच आहे. एक गंमत म्हणा किंवा खेद. २०१८मध्ये हा सिनेमा आला तेव्हा खोऱ्यात एकही चालू थिएटर नव्हतं. श्रीनगरला मल्टिप्लेक्स उघडलं २०२२मध्ये. म्हणजे पहिल्या वेळी आम्ही नऊ जण तरी होतो, ज्यांच्या गावची गोष्ट त्यांना तेवढंही नव्हतं. काश्मीरमध्ये त्या काळात जे काही चालू होतं त्यातलं जवळजवळ काहीच सिनेमात येत नाही, जमिनीच्या वादापलीकडे आणि एका नेत्याच्या उमेदवारीपलीकडे. हे मला खटकलं. दंतकथेला वर्तमानपत्र लागत नाही, असं म्हणता येईल. मला ते पुरतं पटलेलं नाही, पण पुढे जाऊ.

कारण खरी गंमत नवऱ्यात आहे. निजामीच्या लैलेचं लग्न ज्याच्याशी होतं त्याचं नाव इब्न सलाम. सिनेमातला नवरा इब्बन. लेखकांनी हळूच केलेला हा नमस्कार मला पहिल्या वेळी कळला नव्हता. पण नाव घेतलं आणि माणूस बदलला. निजामीचा इब्न सलाम वाईट नाही. लैला त्याला जवळ येऊ देत नाही, आणि तो ते मान्य करतो. नुसतं तिला बघायला मिळतंय यावर समाधान मानतो. म्हणजे तोही एक मजनूच, फक्त घरात राहणारा. केवढी चमत्कारिक आणि अवघड गोष्ट आहे ही! त्याचा राग करता येत नाही, आणि त्याच्या बाजूनेही उभं राहता येत नाही. सिनेमातला इब्बन म्हणजे सासऱ्याच्या जिवावर वर चढलेला, आमदार झालेला, दारू पिऊन बायकोला छळणारा गडी. सुमित कौल तो झकास करतो, त्याच्या हसण्याचीच किळस येते. पण इब्बनला खलनायक केल्यावर सगळ्याच गोष्टी सोप्या होतात. लैलाला त्याला सोडावंसं वाटतं यात विचार करण्यासारखं काही उरत नाही. चांगला नवरा असता आणि तरीही ती तडफडली असती, तर आपल्याला खुर्चीत नीट बसता आलं नसतं. सिनेमाने इथे आपल्याला आरामात बसू दिलं.

पुढचा भाग मात्र असा आहे की ज्यासाठी मी हा सिनेमा तिसऱ्यांदाही बघेन. कैस लंडनहून चार वर्षांनी परत येतो, वडील गेल्यावर. दोघं भेटतात. लैला इब्बनकडे तलाक मागते. मग इब्बन अपघातात मरतो. आता काय उरलं? काहीच नाही. फक्त इद्दत. विधवेला पाळावे लागणारे चार महिने दहा दिवस. एवढी वर्षं थांबलेल्या माणसाला लैला सांगते, आता एवढेच दिवस थांब. आणि कैस इथे कोसळतो. बापाने नकार दिला तेव्हा नाही, तिचं लग्न झालं तेव्हा नाही, लंडनच्या एकटेपणातही नाही. सगळे अडथळे गेल्यावर, दार उघडायला फक्त काही आठवडे उरल्यावर. ज्यांनी दवाखान्याच्या बाकावर रिपोर्टची वाट पाहिली आहे, त्यांना हे कळेल. दोन महिने निघतात, शेवटची वीस मिनिटं निघत नाहीत.

अविनाश तिवारी ही घसरण एकदम दाखवत नाही. आधी कैस फक्त जरा जास्त हसतो. मग शेजारी लैला आहे असं समजून बोलायला लागतो. तिला आपल्यालाही दाखवलं जातं, त्यामुळे काही क्षण आपणही फसतो. मग तो डोंगरात जातो, आणि मोहित चौहानचा आवाज येतो. ‘रॉकस्टार’मध्येही हाच आवाज, हाच काश्मीर आणि हेच वेड होतं, पण तिथे वेडाला टाळ्या वाजवणारी गर्दी होती. इथे कुणी नाही. माती आणि दगड. निजामीच्या मजनूभोवती निदान जंगली जनावरं जमायची.

नमाजाचा प्रसंग सगळ्यांना आठवत असेल. स्वतःच्या तंद्रीत मजनू नमाज पढणाऱ्यांच्या समोरून जातो, ते त्याला मारतात. तो म्हणतो, मी माझ्या लैलेत होतो म्हणून तुम्ही मला दिसला नाहीत, तुम्ही तुमच्या देवात होतात तर मी तुम्हाला कसा दिसलो? ही जुनी सूफी गोष्ट आहे. सिनेमात हा संवाद आला की दोन्ही वेळा माझ्या अंगावर काटा आला. पण दुसऱ्या वेळी, काटा विरल्यावर, एक विचार आला जो मग गेलाच नाही. हा माणूस म्हणतोय तो लैलेत बुडालाय. आणि लैला? ती त्या क्षणी कुठे आहे? एका घरात, पांढऱ्या कपड्यांत, दिवस मोजत बसलेली. तिच्या वाट्याला सूफी संवाद नाही. नाचायला डोंगर नाही. तिने वेडं व्हायचं ठरवलं असतं तर घरच्यांनी खोलीला कडी घातली असती.

निजामीने इथे तिला जे दिलंय ते सिनेमाने द्यायला हवं होतं. इब्न सलाम मेल्यावर त्याची लैला रीतीप्रमाणे तोंड झाकून शोकात बसते, आणि पहिल्यांदाच तिला मोकळेपणी रडता येतं. लोकांना वाटतं ती नवऱ्यासाठी रडतेय. ती मजनूसाठी रडते. रूढीचा बुरखाच तिच्या कामी येतो. आपल्याकडच्या बायकांना हे नव्याने सांगायला नको. माझी आजी आजोबांच्या दहाव्याला ज्या आकांताने रडली, त्यात आजोबा किती होते आणि बाकीचं काय काय होतं, हे तिलाच माहीत. आठशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या पुरुष कवीला ही गोष्ट दिसली होती. २०१८च्या सिनेमात इद्दत म्हणजे नायकासाठी लावलेला टायमर आहे. आपण ती सगळी त्याच्या बाजूने बघतो. तिच्या बाजूने ती कशी गेली ते फारसं कळत नाही.

आणि मग खरी लैला येते. सगळं मागे टाकून, त्याच्यापर्यंत. आणि त्याला तिची गरज उरलेली नाही. त्याच्याकडे त्याची लैला आहे, दगडात, वाऱ्यात, सगळीकडे. समोरची ही हाडामांसाची मुलगी त्या लैलेपुढे कमीच पडणार. ती थकलीय, रडलीय, तिला घरी न्यायचंय त्याला. सूफी वाचनात हा विजय आहे: आशिक माशूकच्या पलीकडे गेला, प्रेम शुद्ध झालं. मी हे वाचन समजू शकते. ते निजामीतही आहे. पण सिनेमा वाचनावर चालत नाही, चेहऱ्यावर चालतो. कॅमेरा तृप्ती डिमरीच्या चेहऱ्यावर गेला की तिथे विजय-बिजय काही नसतो. जिच्यासाठी एक माणूस वेडा झाला, तिला त्या वेडात जागा नाही हे कळतानाचा तो चेहरा आहे. माझ्या मते या सिनेमाची शोकांतिका तिथे आहे, त्या मोजक्या क्षणांत. त्यानंतर तिच्या जाण्याला सिनेमा फार वेळ देत नाही. त्याला कबरीपाशी पोचायची घाई आहे, कारण तिथे मजनू आहे.

आता सांगलीचं. चार महिन्यांनी एका संध्याकाळी मी रस्ता ओलांडला. झेरॉक्सला नाही, टपरीवर. त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, “चहा सांगतोस का?” मला अजून आठवतंय, त्याचा चेहरा उतरला. आनंदाने नव्हे, घाबरूनही नव्हे. काहीतरी बिघडल्यासारखा. त्याने चहा सांगितला, पैसे दिले, आणि स्वतः न पिता निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून तो टपरीवर आला नाही. त्याच्या मित्राने नंतर सांगितलं, “तो म्हणाला, बोललो तर संपेल.” मी दोन ग्लासांसमोर उभी होते. एक प्यायले. दुसराही प्यायले, पैसे दिलेले होते म्हणून.

बऱ्याच वर्षांनी एका मैत्रिणीच्या लग्नात, कोल्हापुरात, तो भेटला. जेवणाच्या रांगेत त्याच्या ग्रुपमधल्या एकीने मला विचारलं, “म्हणजे कवितेतली ती तूच का?” मी काय सांगणार? त्या कवितेतल्या मुलीला म्हणे पावसात भिजायला आवडायचं. मला सर्दी होते. तो स्वतः छान बोलला, चौकशी केली, आणि निघताना म्हणाला, “तू खूप बदललीस गं.” तक्रार होती त्यात. बदलायला मी त्याच्यासमोर आधी कधी होते?

आता असंही असेल की ही आठवण सिनेमाने नंतर दुरुस्त केली. चहाच्या ग्लासांचं मी पूर्वी कधी कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही. सिनेमा चांगला असला की तो आपल्या आठवणीत शिरून सामान हलवतो. तरीही मला वाटतं, लैलेच्या जागी क्षणभर का होईना उभी राहिलेली मी एकटी नाही. कुणीतरी आपल्या प्रेमात आहे असं कळणं आणि त्या प्रेमात आपण नाहीच असं कळणं, या दोन गोष्टी बऱ्याच मुलींना एकाच माणसाकडून कळतात.

निजामीत एक भेट आहे. एक म्हातारा मध्यस्थ दोघांना खजुराच्या बनात आणतो. लैला चालत येते आणि मजनूपासून दहा पावलांवर थांबते. याहून पुढे यायचं नाही, असं ती स्वतः ठरवते. तिथून ती त्याला फक्त कविता म्हणायला सांगते. शाळेत असताना टीव्हीवर १९७६चा ऋषी कपूर-रंजिताचा ‘लैला मजनू’ बघून मी रडले होते, तेव्हा मला प्रेमी एकमेकांना चिकटून मरायला हवे होते. आता ही दहा पावलं आवडतात. त्या अंतरात ती कोण आहे ते तिला पक्कं माहीत आहे. हे अंतर तिने मोजलंय, त्याने नव्हे. सिनेमातल्या लैलेला हे मोजायला मिळत नाही. ती थेट जवळ जाते, आणि जवळ गेल्यावर तिला कळतं की इथे कुणी नाही.

हे सगळं म्हणूनही सिनेमा मला आवडतो, आणि का ते नीट सांगता येत नाही. नीलाद्री कुमार आणि जॉय बरुआ यांचं संगीत हे एक कारण. इर्शाद कामिलचे शब्द हे दुसरं. दोन नवख्या नटांनी उद्या नसल्यासारखं काम केलंय, हे तिसरं. आणि हेही, की ज्या काळात एखाद्यावर मन जडलं तर आधी स्वतःलाच ‘टॉक्सिक आहे का मी?’ असं विचारावं लागतं, त्या काळात हा सिनेमा न लाजता झपाटलेपण दाखवतो. मी ते प्रश्न विचारणाऱ्यांतलीच आहे. तरी तो अंधारात बरा वाटतो.

त्या शोनंतर बायकांच्या टॉयलेटच्या रांगेत माझ्या पुढे दोन कॉलेजातल्या मुली होत्या. एक मोबाईलवर गाण्याचा मघाशी काढलेला व्हिडिओ बघत होती. दुसरीने काजळ पुसत विचारलं, “ती परत जाताना काय विचार करत असेल गं?”

“कोण?”

“अगं, लैला.”

पहिलीने व्हिडिओ थांबवला. थोडा वेळ विचार केला. मग म्हणाली, “पुन्हा बघायला पाहिजे.”